अरुण सरनाईकांचा एकच सिनेमा दाखवायचा तर कुठला?

रंकाळाकाठ
मंडळी, नमस्कार. मंगळवार पेठेत आमच्या तालमीच्या माडीवर छोटंसं वाचनालय आहे. ४ ऑक्टोबरला नट अरुण सरनाईकांची जयंती (जन्म १९३५, आपल्या कोल्हापुरातच). त्या संध्याकाळी पडदा लावून त्यांचा एक सिनेमा दाखवावा, असा विषय मी बैठकीत काढला. मंडळाची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं विचारलं, "काका, ते कोण?" दुसरा म्हणाला, "ते 'पप्पा सांगा कुणाचे'वाले न्हवं? आमची आज्जी म्हणते ते गाणं."

मला राग नाही आला, पण रात्री झोप लागली नाही. ज्या गावानं हा माणूस दिला, त्या गावातल्या वीस वर्षांच्या पोराला नाव सांगावं लागतं. दोष पोरांचा नाही, आपण दाखवलंच नाही त्यांना.

तर प्रश्न सरळ आहे. एकच संध्याकाळ आहे, एकच सिनेमा. कुठला दाखवू? आणि का, तेही लिहा. नुसती नावं टाकू नका.

शिवाजीपेठ_मावशी
डोळे मिटून 'एक गाव बारा भानगडी'. अनंत माने, जयश्री गडकर, अरुण सरनाईक. १९६८ चा. मी परकर-पोलक्यात होते तेव्हा आईच्या मांडीवर बसून तंबूत पाहिलाय. लोक शिट्ट्या मारत होते, आईनं माझे कान झाकले होते, पण डोळे झाकायचं राहिलं.

नाट्यवेडा
मावशी, सिनेमा चांगलाच आहे. पण नव्या पोरांना तोच दाखवला तर "तमाशापटाचा हिरो" हा शिक्का आणखी घट्ट बसेल. फेटा, धोतर आणि समोर लावणी, एवढ्यातच त्यांना कोंडलंय आपण. माझं मत 'सिंहासन'. १९७९, जब्बार पटेल. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. त्यातला मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अरुण सरनाईक. ज्यानं फक्त ग्रामीण सिनेमे पाहिलेत, त्याला हा तोच माणूस आहे हे पटणार नाही.

उद्यमनगर_७२
'सिंहासन' लई भारी, मान्य. पण खरं सांगा, त्यात लक्षात कोण राहतं? निळूभाऊ फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस आणि डॉ. लागूंचा विश्वासराव दाभाडे. शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो ते आठवतं. मुख्यमंत्री आठवायला जरा वेळ लागतो. मी सरनाईकांना कमी लेखत नाही, पण त्यांचा म्हणून दाखवायला तो सिनेमा नव्हे.

नाट्यवेडा
@उद्यमनगर_७२, इथंच आपलं जमत नाही. मुख्यमंत्री आठवायला वेळ लागतो, कारण तो अभिनय करताना दिसतच नाही. सुरुवातीलाच निनावी फोन येतो, तुमच्या खुर्चीखाली सुरुंग लावलाय म्हणून. त्यानंतर तो माणूस काय करतो ते बघा. आदळआपट नाही, संवादफेक नाही. समोरचा बोलत असतो आणि हा ऐकत असतो. त्या ऐकण्यातूनच कळतं की ह्याच्या डोक्यात आकडेमोड चाललीय, कोण माझा, कोण त्याचा. लागू आणि निळूभाऊ दोघंही आपापल्या जागी थोरच. पण सगळं कथानक फिरतं ते ह्या शांत बसलेल्या माणसाभोवती. तो डळमळला असता तर अख्खा सिनेमा कोसळला असता.

पुण्यात_पण_कोल्हापूरची
ऐकणं हा मुद्दा फार आवडला. मला वाटतं ते गाण्याच्या घरातून आलंय. वडील शंकरराव सरनाईक. 'महाराष्ट्र कोकीळ' म्हणत त्यांना, यशवंत संगीत मंडळी त्यांची. जयपूर-अत्रौली घराण्याचे निवृत्तीबुवा सरनाईक याच घरातले. ज्या मुलाच्या कानावर पहाटेपासून तंबोरा पडतो, तो मोठा झाल्यावर दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडत नाही. समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायची सवय लागलेली असते त्याला.

(अवांतर: शंकररावांबद्दल मला आजोबांकडून कळलं. ते देवल क्लबात मैफली ऐकायला जायचे. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात आणलं म्हणून हे शहर गाण्याचं झालं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. बोलताना नेहमी उजव्या हातानं मांडीवर ठेका चालू.)

शाहूपुरी_गल्ली_३
'प्रथम तुज पाहता' काय गायलंय त्यांनी! 'मुंबईचा जावई' दाखवा. घरगुती आहे, बायका-पोरं सगळी बसतील.

पुण्यात_पण_कोल्हापूरची
दादा, ते पडद्यावर अरुण सरनाईकांच्या तोंडी आहे, आवाज रामदास कामतांचा. गीत गदिमांचं, चाल बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची. पण तुमची चूक फार गोड आहे. गाणाऱ्या नटाला दुसऱ्याचा आवाज इतका चपखल बसतो, कारण श्वास कुठं घ्यायचा हे त्याला माहीत असतं. बहुतेक नटांचे ओठ शब्दाबरोबर हलतात आणि छाती हलायची राहून जाते. ह्यांचं तसं नाही.

त्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर 'घरकुल'मधलं 'पप्पा सांगा कुणाचे'. १९७० चा सिनेमा, सी. रामचंद्रांचं संगीत, सोबत प्रमिला दातार. मंडळातल्या त्या पोराची आज्जी बरोबर होती.

शाहूपुरी_गल्ली_३
आरं तिच्या! इतकी वर्षं मी पैजा लावत होतो. दोन ठिकाणी मिसळ जिंकलोय ह्या पैजेत. परत द्यावी लागणार.

उद्यमनगर_७२
@शाहूपुरी_गल्ली_३ एक मीच हरलो होतो भावा. रविवारी येतो, कट जास्त सांग.

कागलकर_पाटील
सूर्यकांतचे धाकटे भाऊ ना हे?

शिवाजीपेठ_मावशी
नाही हो पाटील. सूर्यकांत आणि चंद्रकांत हे मांडरे बंधू. राजारामपुरीत चंद्रकांतांचं कलासंग्रहालय आहे, कधी या बघायला. त्यांची पावडर शेडिंगची चित्रं बघून माणूस गप्प होतो. अरुण सरनाईक वेगळे. आणि रमेश देव आणखी वेगळे, तेही कोल्हापूरचेच. एवढी माणसं एका गावानं दिली की घोळ व्हायचाच.

तबला_दुरुस्ती
मी इथं फारसा लिहीत नाही, वाचतो. पण हा धागा बघून राहवलं नाही.

आमचा धंदा तबल्याचा. आजोबा पुड्या, म्हणजे तबल्यावरचं चामडं, बांधायचे, वडील बांधायचे, मी बांधतो. आमच्या घरात सिनेमा बघायची पद्धत निराळी. पडद्यावर कुणी तबला घेऊन बसला की वडील म्हणायचे, "तोंड बघू नका, हात बघा." आणि बहुतेक वेळा दोन मिनिटांत उठून जायचे. म्हणायचे, "वाजवत न्हाई, भाकरी थापतोय."

खोटं वाजवणं ओळखायचं कसं ते सांगतो. 'ना' वाजवताना तर्जनी चाटेवर पडते, म्हणजे पुडीच्या कडेला, आणि त्याच वेळी अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, काठाला टेकलेली असते. ती टेकलेली नसेल तर नाद फुटतो. ज्याला येत नाही तो नट अख्खा पंजा उचलतो आणि मधोमध आपटतो. डग्ग्यावर, म्हणजे जोडीतल्या मोठ्या तबल्यावर, तर लगेच सापडतो. तिथं मनगट चामड्यावर टेकून पुढं-मागं दाबावं लागतं, तेव्हा तो घुमारा येतो. खोटा नट डग्ग्यावर नुसती थाप मारतो आणि कान भरून घुमारा ऐकू येतो. हात एक सांगतो, आवाज दुसरं. आणि खांदा! खऱ्या तबलजीचा खांदा हलत नाही. सगळा खेळ कोपराच्या खाली.

'रंगल्या रात्री अशा' वडिलांनी शेवटपर्यंत बघितला. १९६२ चा, राजा ठाकूरांचा, रणजित देसाईंच्या कथेवरचा. अरुण सरनाईक त्यात तबलजी आहेत, आणि त्यांना स्वतःला तबला येत होता. मी तो पुढं कितीतरी वेळा बघितला, धंद्याच्या नजरेनं. हात खोटा वाटत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट सांगतो. वाजवणारा माणूस वाजवायच्या आधी तबल्याकडं कसा बघतो, बोट फिरवून शाई कशी चाचपतो, वादी, म्हणजे पुडी ताणणारी चामड्याची पट्टी, ओढलेली आहे का ते कसं बघतो, हे शिकवून येत नाही. ज्याच्या घरात वाद्य असतं त्यालाच येतं. आम्ही गिऱ्हाईक दुकानात शिरलं की त्यावरनंच ओळखतो, हा वाजवणारा की पोराच्या क्लाससाठी न्यायला आलेला.

माझं मत 'रंगल्या रात्री अशा'.

नाट्यवेडा
काका, दंडवत. पहिल्यांदाच कुणी अभिनयाबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं वाचलं.

हळदीचा_मास्तर
'रंगल्या रात्री अशा' म्हटल्यावर मला बोलायलाच हवं. जगदीश खेबुडकर, आमच्या हळदी गावचे, पेशानं शिक्षक, त्यांची सिनेमासाठी लिहिलेली पहिली लावणी ह्याच सिनेमातली. 'मला हो म्हणतात लवंगी मिरची'. वसंत पवारांची चाल, सुलोचना चव्हाणांचा आवाज. पुढं हजारो गाणी लिहिणारा माणूस इथून सुरू झाला. आणि त्या वर्षीचं उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदकही ह्याच सिनेमाला. म्हणजे एका सिनेमात कोल्हापूरचा नट, कोल्हापूरचा गीतकार आणि कोवाडच्या रणजित देसाईंची कथा. आपल्या जिल्ह्याच्या पोरांना ह्याहून जवळचं काय दाखवणार?

उद्यमनगर_७२
मास्तर, मुद्दा मानतो. पण एक भीती आहे. कृष्णधवल, संथ, साठ वर्षांपूर्वीचं बोलणं. पोरं अर्ध्या तासात मोबाइल काढतील. आमच्या कॉलनीत आम्ही एकदा जुना सिनेमा लावला होता. प्रत इतकी वाईट होती की चेहरे पिठात बुडवल्यासारखे दिसत होते. आवाज तर विहिरीतून यावा तसा. पोरं उठून गेली आणि आम्ही त्यांना नावं ठेवली. आता वाटतं, चूक आमची होती. प्रत बघून घ्यायला पाहिजे होती.

पुण्यात_पण_कोल्हापूरची
हे महत्त्वाचं आहे. प्रत आधी पूर्ण बघून घ्या, नुसती पहिली दहा मिनिटं नाही. आणि हक्क कुणाकडे आहेत ते शोधून लेखी परवानगी घ्या. सार्वजनिक खेळ आहे, फुकट असला तरी. त्यात आपण कुणाच्या कष्टावर बसतोय ते विसरायला नको.

वडगावचा_एसटीवाला
कुणी नाटकाबद्दल का बोलत नाही? 'अपराध मीच केला', मधुसूदन कालेलकरांचं. त्यात सरनाईक नौदलातला अधिकारी. माझ्या चुलत्यांनी ते पाहिलं होतं. ते सांगायचे, पांढऱ्या गणवेशात हा माणूस आत आला की प्रेक्षागृह सरळ बसायचं. सिनेमात फेटा बांधणारा तोच हा, हे लोकांना पडदा पडल्यावर आठवायचं. नाटकाचं हेच दुःख. सिनेमा परत लावता येतो, नाटक पाहिलेली माणसं गेली की नाटक गेलं. माझे चुलतेही आता नाहीत.

शिवाजीपेठ_मावशी
खरं आहे. आणि आता तर केशवराव भोसले नाट्यगृहाचं जे झालं… ८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आम्ही गच्चीवरून ज्वाळा बघितल्या. आमच्या शेजारच्या आजोबांना खुर्ची आणून दिली तर बसेनात, उभेच राहिले कठड्याला धरून. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर ते. संगीत नाटक काय, वगनाट्य काय, सगळं तिथं. दुसऱ्या दिवशी खासबागेकडून जाताना जळक्या लाकडाचा वास येत होता. तो अजून नाकात आहे माझ्या.

कागलकर_पाटील
त्या रात्री मीपण होतो तिथं. अग्निशमनच्या गाड्यांना वाट करून द्यायला पोरं हातात हात घालून उभी होती. तीच पोरं, ज्यांना अरुण सरनाईक माहीत नाहीत म्हणून आपण बोलतोय. हे विसरू नका.

रंकाळाकाठ
पाटील, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या मंडळातले चौघे होते त्यात.

गारगोटी_एक्स्प्रेस
धाग्याचा चालक कुठं गेला असं विचारणार होतो, तेवढ्यात आले. मी 'सिंहासन'च्या बाजूनं. पोरांना राजकारण समजतं हो. उद्या मुख्यमंत्री कोण, कुठला गट कुठं गेला, ह्यावर पानपट्टीवर तीन तास बोलतात. त्यांना १९७९ चं 'सिंहासन' दाखवा, मोबाइल निघणारच नाही खिशातून.

उद्यमनगर_७२
ह्यात दम आहे.

तबला_दुरुस्ती
मला 'सिंहासन' पण आवडतो. तिथं तबला नाही, पण लय तीच आहे. मुख्यमंत्री बोलताना दोन वाक्यांत जी जागा सोडतो ती बघा. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, वाजवणाऱ्याला ती जागा कळते. भरून टाकायची घाई करत नाही. तरुण तबलजीला सगळ्यात अवघड काय जातं? न वाजवणं.

शाहूपुरी_गल्ली_३
म्हणजे मुख्यमंत्री व्हायचं तर आधी तबल्याचा क्लास लावायचा. गिऱ्हाईक वाढणार काका तुमचं.

तबला_दुरुस्ती
येऊ देत की. पुडी चांगली बांधून देतो.

अंबाबाई_रोड
मी जरा वेगळं लिहिते. १९८४ चा जून. मी सातवीत. पाऊस लागला होता, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. सकाळी बाबा पेपर वाचत होते आणि आई स्वयंपाकघरातून विचारत होती, डबा काय देऊ. बाबा उत्तर देईनात. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं. २१ जूनचा मोटार अपघात. अरुण सरनाईक, त्यांची पत्नी आणि मुलगा. आई तिथंच जमिनीवर बसली. आमचं त्यांच्याशी काही नातं नव्हतं. तरी त्या दिवशी चूल पेटायला अकरा वाजले.

अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आता मी त्या वयाच्या पुढं गेले. मला हे फार लागतं की 'सिंहासन'नंतर त्यांना जेमतेम पाच वर्षं मिळाली. 'सिंहासन'नं त्यांच्यासाठी एक दार उघडलं होतं. प्रौढ माणसाच्या भूमिका, सत्तेतल्या, संसारातल्या, थकलेल्या. पन्नाशीचे, साठीचे अरुण सरनाईक आपल्याला बघायलाच मिळाले नाहीत. लागूंना, निळूभाऊंना तो काळ मिळाला आणि त्यांनी त्याचं सोनं केलं. म्हणून दोघांशी तुलना करताना हे लक्षात ठेवा, एवढीच विनंती.

त्या अपघातातून त्यांची मुलगी मागं राहिली. तिनं पुढाकार घेऊन वडिलांवर माहितीपट करवला, हे वाचलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं.

उद्यमनगर_७२
ताई, मी वर जे तुलनेचं लिहिलं ते मागं घेतो. असा विचारच केला नव्हता.

अंबाबाई_रोड
मागं घेऊ नका हो. तुमच्यामुळंच एवढी चर्चा झाली.

नाट्यवेडा
ताईंचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

एक भर घालतो. 'शाहीर परशुराम'पासून, म्हणजे १९६१ पासून धरलं तर सगळी मिळून तेवीस वर्षं. त्यात 'रंगल्या रात्री अशा', 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता', 'एक गाव बारा भानगडी', 'घरकुल', 'मुंबईचा जावई' आणि 'सिंहासन'. 'मुंबईचा जावई'वरून तर हिंदीत 'पिया का घर' झाला. तमाशापट, शहरी चाळीतली गोष्ट, कौटुंबिक, राजकीय. एका माणसात एवढं सगळं. मी आधी "तमाशापटाचा शिक्का" म्हणालो, त्यात तमाशापटाला कमी लेखण्याचा सूर होता. तो बरोबर नव्हता. 'सवाल माझा ऐका'त 'सोळावं वरीस धोक्याचं' आहे, ते महाराष्ट्रात कुणाला येत नाही? ढोलकीच्या तालावर उभं राहायलाही अंगात लय लागते. नाहीतर मुख्य नट लावणी चालू असताना हात कुठं ठेवायचे ह्याच विवंचनेत असतो.

शिवाजीपेठ_मावशी
आता आलात वळणावर!

हळदीचा_मास्तर
मूळ प्रश्नाकडं येऊ या का? ४ तारीख जवळ येतेय.

रंकाळाकाठ
येऊ या. सगळं दोनदा वाचलं. मंडळाच्या पोरांनाही धागा वाचायला दिला. पहिल्या पोस्टमधला तो "ते कोण?" विचारणारा पोरगा, तो ढोल-ताशा पथकात आहे. त्यानं तबला_दुरुस्ती काकांची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली आणि बाकावर तर्जनी-अनामिका ठेवून 'ना' काढून बघत होता. निघेना त्याला. मग तोच म्हणाला, "काका, तो तबल्याचा लावा."

तर 'रंगल्या रात्री अशा' ठरलं. चांगली प्रत कुठं मिळते ते बघतोय, परवानगीचं पत्र पुण्याच्या ताईंनी सांगितलं तसं पाठवतो. प्रत मनासारखी मिळाली नाही तर 'सिंहासन', हेही बैठकीत मंजूर करून घेतलंय, म्हणजे गारगोटीकरांनी नाराज होऊ नये. सिनेमाच्या आधी 'पप्पा सांगा कुणाचे' नुसतं ऐकवणार, पडदा काळा ठेवून. त्या पोराच्या आज्जीला पहिल्या रांगेत खुर्ची. बाकी सगळे सतरंजीवर. साडेसहाला सुरू. जिना अरुंद आहे, वयस्कर मंडळींना धरून वर न्यायला खाली दोन पोरं उभी असतील.

तबला_दुरुस्ती काका, एक मागणं आहे. सिनेमाआधी दहा मिनिटं तुम्ही बोलाल का? खोटा हात आणि खरा हात, एवढंच. तुम्ही लिहिलंत तसंच.

तबला_दुरुस्ती
मला माईकवर बोलता येत नाही. वाजवून दाखवतो. डग्गा तुमच्याकडं असला तर चालेल, तबला माझा आणतो, परवाच नवी पुडी घातलीय. काळी एकच्या सुरात लावून आणतो. त्या पोराला माझ्या शेजारी बसवा.

शाहूपुरी_गल्ली_३
मिसळ देऊन झाली की आम्ही दोघं सतरंज्या टाकायला येतो. साडेपाचला चालेल?

रंकाळाकाठ
पाचला या.